टाकीतल्या जिवाची विचारपूस

पेण, हमरापूर, जोहे या भागातल्या गणपतीच्या कारखान्यांत मूर्ती साच्यातून निघते, वाळते, घासली जाते, रंगते; आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात जपून, तिच्या डोळ्यांची आखणी होते. हे काम कोणाच्याही हाती देत नाहीत. त्यासाठी सरावलेला हात लागतो, कारण रंग बिघडला तर पुन्हा देता येतो, नजर बिघडली तर मूर्तीच बिघडते. तरीही आखणी झालेली मूर्ती अजून देव नसते. ती फळीवर इतर शेकडो मूर्तींसोबत बसलेली असते, टेम्पोत चढते, गोणपाटात गुंडाळली जाते. घरी आल्यावर चतुर्थीला दूर्वेने तिच्या नेत्रांना तूप लावतात, हृदयाशी हात ठेवून प्राणप्रतिष्ठा करतात, आणि तिथून घराचे वेळापत्रक बदलते. दोन वेळा आरती, नैवेद्य, तेवती समई. घराला कुलूप लावून सगळ्यांनी बाहेर जायचे नाही. ज्यांना दहा दिवस हे सांभाळणे जमणार नाही, ते दीड दिवसाचा आणतात. या दीड दिवसाच्या प्रथेत एक फार मोठा नैतिक विचार आहे असे मला वाटते: जेवढ्याची सेवा होईल तेवढ्याच प्राणाला आवाहन करावे. याच पेण तालुक्यातल्या गागोद्यात ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे जन्मले. त्यांचे आजोबा शंभुराव घरीच गणपती घडवत आणि मुले त्यासाठी चंदन उगाळून देत, असे विनोबांनी आपल्या आठवणींत सांगितले आहे. एवढ्या प्रेमाने आणलेला देव पाण्यात सोडताना लहानपणी वाईट वाटे, आणि आवाहन-विसर्जनाचा अर्थ त्यातून शिकता आला, असेही ते सांगत. आवाहन आणि विसर्जन या दोहोंबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. मला या निबंधात त्या दोहोंच्या मधल्या दिवसांबद्दल बोलायचे आहे: प्राण आणल्यानंतर आणि निरोप देण्याआधी आपण त्याचे काय लागतो?

पेणहून नागोठण्यामार्गे रोह्याला गेले की कुंडलिकेच्या काठी धाटावची औद्योगिक वसाहत लागते. कारखाने मुख्यतः रसायनांचे. त्यांचे सांडपाणी सामुदायिक प्रक्रिया प्रकल्पात येते, ज्याला तिथे सगळे सीईटीपी म्हणतात. अशा कोणत्याही प्रकल्पाच्या मध्यभागी एक मोठी उघडी टाकी असते, एरिएशन टँक. खालून ब्लोअर हवा सोडतो, वर तपकिरी पाणी उकळल्यासारखे खदखदत राहते. तो तपकिरी रंग मळाचा नसतो, जिवांचा असतो. जिवाणू, त्यांच्यावर जगणारे एकपेशीय प्राणी, त्यांचे झुबके. सांडपाण्यातली सेंद्रिय द्रव्ये खाऊन ते वाढतात, आणि त्यांनी खाल्ले म्हणून पुढे नदीला कमी सोसावे लागते. बायोरिअॅक्टर हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे औषधाच्या कंपनीतले चकचकीत स्टीलचे भांडे येते, परंतु व्याख्येने पाहिले तर ही उघडी टाकीही बायोरिअॅक्टरच आहे: ठरावीक जागेत जीव कोंडून, त्यांना अन्न आणि हवा पुरवून, त्यांच्या वाढीतून आपले काम करून घेणारे पात्र. दह्याचे विरजण लावलेले सट हेही त्याच घराण्यातले. आणि रायगड जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, खारघरला, टाटा मेमोरियलचे संशोधन केंद्र आहे. टाटा मेमोरियल आणि मुंबईची आयआयटी यांच्या कामातून उभी राहिलेली नेक्सकार१९ ही कर्करोगावरची उपचारपद्धती ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झाली. तिच्यात रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी काढतात, त्यांत नवा जनुक घालतात, त्या वाढवतात आणि त्यालाच परत देतात. तिथे पात्रात वाढत असतो तो एका विशिष्ट माणसाच्या देहाचा अंश.

विरजणापासून टी-पेशीपर्यंत सगळीकडे आपण एकच गोष्ट करतो. जीव बोलावतो, बंदिस्त करतो, कामाला लावतो. माझे म्हणणे असे आहे की जो जीव आपण अशा रीतीने ताब्यात घेतला, त्याची वेळोवेळी विचारपूस करणे हे आपले देणे आहे. ही हौस म्हणून करायची गोष्ट नाही, आणि केवळ कार्यक्षमतेचा हिशेबही नाही. हे देणे पूर्वीही होतेच, पण ते फेडण्याची साधने महाग होती, म्हणून कोणी फेडले नाही तर दोष देता येत नव्हता. आज ती साधने स्वस्त झाली आहेत. त्यामुळे पूर्वी जी अडचण होती ती आता निवड झाली आहे, आणि निवड झाली म्हणजे तिचा जाब देणेही आले.

साधने म्हणजे काय, ते जरा जवळून पाहू. एरिएशन टँकवरचा ऑपरेटर पिढ्यानपिढ्या एक साधी तपासणी करत आला आहे. एक लिटरच्या मोजपात्रात टाकीतले पाणी घ्यायचे, सपाट जागी ठेवायचे आणि अर्धा तास हात लावायचा नाही. गाळ हळूहळू खाली बसतो, वर स्वच्छ पाणी सुटते. तीस मिनिटांनी गाळाची पातळी वाचायची आणि वहीत लिहायची. गाळ नीट बसला, वरचे पाणी नितळ दिसले तर टाकी बरी आहे. गाळ फुगून वरच तरंगत राहिला तर तंतूंसारखे वाढणारे जिवाणू माजले आहेत. फेसाचा रंग, मातीचा की कुजका वास, बुडबुड्यांची जात, यांवरूनही जुना माणूस पुष्कळ सांगतो. या जाणतेपणाला मी कमी लेखत नाही. पण अर्ध्या तासाची ही तपासणी शिफ्टमध्ये एकदा-दोनदा होते, आणि टाकीतल्या जिवांना शिफ्ट नसते. पहाटे तीनला एखाद्या कारखान्यातून नेहमीपेक्षा जहाल पाणी आले तर सकाळी आठला मोजपात्रात दिसतो तो परिणाम. दुखणे कधी सुरू झाले ते दिसत नाही.

प्रयोगशाळेतल्या पात्रात पेशी किती वाढल्या हे पाहण्याची सर्वांत सोपी रीत प्रकाशाची आहे. एका बाजूने प्रकाश सोडायचा, दुसऱ्या बाजूला किती पोहोचला ते मोजायचे. पेशी जितक्या दाट तितका प्रकाश विखुरतो. यासाठी लागणारा एलईडी आणि प्रकाश टिपणारा फोटोडायोड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चहा-वडापावच्या भावात मिळतात, आकडे नोंदवणारा छोटा सर्किट बोर्ड काहीशे रुपयांत. पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजणारा प्रोब मात्र अजून तितका स्वस्त नाही. लेलँड क्लार्क यांनी १९५६ मध्ये पातळ पडद्याआड इलेक्ट्रोड ठेवून हे मोजण्याची युक्ती प्रसिद्ध केली. नंतर प्रकाशाने चमकणाऱ्या रंगद्रव्याचे प्रोब आले, ज्यांची चमक ऑक्सिजन वाढला की मंदावते. आयात केलेला औद्योगिक प्रोब लाखाच्या घरात जातो. पण गेल्या दहा-पंधरा वर्षांत अनेक विद्यापीठांतल्या लोकांनी पेशीवाढ मोजणाऱ्या छोट्या पात्रांचे आराखडे सगळ्यांना मोफत वापरता यावेत म्हणून खुले केले आहेत, आणि एकेकाळी मोठ्या संस्थेलाच परवडणारी मोजणी आता तालुक्याच्या महाविद्यालयाच्या आवाक्यात आली आहे.

इथे थांबून एक अवघड गोष्ट सांगितली पाहिजे, कारण माझा सगळा युक्तिवाद तिच्यावर तोलला आहे. मोजणे म्हणजे विचारपूस नव्हे. प्रकाशाची रीत जिवंत पेशी आणि मेलेली पेशी यांत फरक करत नाही. दोन्ही सारख्याच प्रकाश अडवतात. पात्रात निम्मी वसाहत मरून पडली तरी आकडा तोच राहू शकतो. ऑक्सिजनच्या प्रोबचे तर त्याहून विलक्षण आहे. एरिएशन टँकमध्ये ऑक्सिजन लिटरला साधारण दोन मिलिग्रॅमच्या आसपास राखतात. आता समजा विषारी पाण्याने टाकीतले जीव मरू लागले. ब्लोअर तर चालूच आहे, हवा येतेच आहे, पण ती घेणारे कमी झाले. म्हणजे ऑक्सिजनचा आकडा वाढतो. दोनाचे चार, चाराचे सहा. ज्याला फक्त आकडा वाचता येतो त्याला वाटेल की टाकी आज फारच छान आहे. प्रत्यक्षात तिथे श्वास थांबत चालला आहे. विचारपूस करायची असेल तर प्रश्न बदलावा लागतो. टाकीतले एक लिटर पाणी एका बरणीत घ्यायचे, त्यात हवा भरून घ्यायची, मग हवा बंद करून पाणी नुसते ढवळत ठेवायचे आणि प्रोब आत सोडून दर अर्ध्या मिनिटाला ऑक्सिजन लिहून काढायचा. जीव धट्टेकट्टे असतील तर ते आतला ऑक्सिजन ओढत राहतात. तासाला तीस मिलिग्रॅम या वेगाने ओढत असतील तर मिनिटाला अर्धा मिलिग्रॅम कमी होतो. सहावरून दोनवर यायला आठ मिनिटे. आकडा जागच्या जागी राहिला तर बरणीत कोणी श्वास घेत नाही. वजन आणि दाटपणा विचारण्याऐवजी इथे आपण श्वास विचारला. ज्या भाषेत प्राण या एकाच शब्दाने श्वासही समजतो आणि जीवही, त्या भाषेत हा फरक वेगळा समजावून द्यायला नको.

म्हणूनच स्वस्त सेन्सरचे खरे महत्त्व किमतीत नाही. महाग साधन एकच असते, ते जपून ठेवले जाते, आणि त्याला एकच प्रश्न विचारला जातो, बहुधा नियम पाळल्याचा पुरावा म्हणून. स्वस्त साधने दहा असू शकतात. त्यांना वेगवेगळे प्रश्न विचारता येतात, चुकीचा प्रश्नही विचारून पाहता येतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये अतिप्रदूषणकारी उद्योग आणि सामुदायिक प्रक्रिया प्रकल्प यांना बाहेर पडणाऱ्या पाण्यावर सतत चालणारी यंत्रे बसवण्याचे निर्देश दिले. ते आवश्यकच होते. पण ती यंत्रे बाहेर जाणाऱ्या नळावर बसली. नळावरचा आकडा बिघडतो तोपर्यंत आतल्या टाकीत जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. अमोनिया खाणारे जिवाणू तर इतके सावकाश वाढतात की ते एकदा मेले तर टाकी पूर्ववत व्हायला आठवडे लागतात. दारात उभे राहून घरातून कोण कसा बाहेर पडतो एवढेच पाहायचे आणि आत कोण आजारी आहे हे कधीच विचारायचे नाही, असे हे झाले. जीव आत आहे. विचारपूस आतच व्हायला हवी.

आता अज्ञानाचा प्रश्न. आपल्या नीतिविचारात न जाणता घडलेल्या चुकीला नेहमीच वेगळे मोजले आहे. न्यायालयापासून घरातल्या मोठ्यांपर्यंत सगळे 'त्याला माहीत नव्हते' हे ऐकून घेतात. पण माहीत नसण्याचे दोन प्रकार आहेत. एकात कळण्याचा मार्गच नव्हता. दुसऱ्यात मार्ग होता आणि आपण त्या मार्गाने गेलो नाही. रात्री आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या माणसाला डोळा लागला तर आपण समजून घेतो. पण ज्याने आजाऱ्याच्या खोलीचे दार मुद्दाम लावून घेतले, तो सकाळी मला काही ऐकू आले नाही म्हणाला तर ते आपण मान्य करत नाही. जाणण्याचे साधन जसजसे स्वस्त होते, तसतसे पहिल्या प्रकारचे अज्ञान आपोआप दुसऱ्या प्रकारात सरकते. कोणी काही वाईट केलेले नसते, माणूसही तोच असतो, तरी त्याची जबाबदारी वाढलेली असते. हे अन्यायाचे वाटेल. पण आईवडिलांच्या पिढीत तापमापक नसलेल्या घराला जे चालून जाई, ते तापमापक घरात असताना चालत नाही, हे आपण मुकाट्याने स्वीकारलेच आहे.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. जिवाणूला ना सुख ना दुःख. त्याची कसली विचारपूस आणि कसले देणे? मी जिवाणूला वेदना होते असे म्हणत नाही. तसे म्हणायला आधार नाही. आपल्याच भूमीत जैन विचाराने सूक्ष्म जिवांची फार बारकाईने दखल घेतली, एकाच देहात राहणाऱ्या अगणित सूक्ष्म जिवांची कल्पना मांडली, आणि पाणी गाळून पिण्याचा आचार त्यातून घराघरांत आला. त्या विचाराचा मला आदर आहे, पण माझे म्हणणे त्यावर अवलंबून नाही. जिवाणूचे देणे आपण जिवाणूला द्यावे असा माझा आग्रह नाही. ते ज्याच्यासाठी राबतात त्याला ते पोहोचते. धाटावच्या टाकीतला जीव मेला तर सोसते ती कुंडलिका, आणि पुढे रेवदंड्यापर्यंत खाडीत जाळे टाकणारा कोळी. खारघरच्या पात्रातली पेशी मेली तर सोसतो तो खाटेवरचा रुग्ण, ज्याच्याकडे दुसऱ्यांदा रक्त देऊन पुन्हा वाट पाहण्याइतका वेळ असेलच असे नाही. जीव कोंडून घेताना आपण त्याच्या आणि त्या माणसाच्या मध्ये उभे राहिलो आहोत. मध्ये उभे राहिलेल्याने दोन्हीकडे पाहावे लागते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि तो धार्मिक मनाकडून येतो. जीव मोजता येत नाही. मोजले ते जड, जो जाणतो तो निराळा. गीतेच्या तेराव्या अध्यायात क्षेत्र आणि क्षेत्रज्ञ असा भेद केला आहे, शरीर हे शेत आणि त्याला जाणणारा तो क्षेत्रज्ञ, आणि ज्ञानेश्वरीने त्या अध्यायाला फार विस्ताराने उलगडले आहे. मग सेन्सरने शेताचे मोजमाप घेऊन तुम्ही जाणणाऱ्याला तर हाकलून देत नाही ना? मला वाटते हा आक्षेप भेद बरोबर करतो पण निष्कर्ष चुकीचा काढतो. सेन्सर क्षेत्रातच मोडतो. तो टाकीइतकाच जड आहे, गाळ साचला की खोटे बोलतो, तार सैल झाली की गप्प बसतो. तो जाणत काहीच नाही. ऑक्सिजनचा आकडा सहावर गेला हे त्याने सांगितले. ते चांगले की वाईट हे ठरवायला माणूस लागला. क्षेत्राचे मोजमाप जितके बारीक, तितके जाणणाऱ्याचे काम वाढते, कमी होत नाही. वैद्य नाडी पाहतो तेव्हा तो रोग्याला ठोक्यांच्या संख्येत बसवत नाही; संख्येतून रोग्यापर्यंत जातो. ज्याने रोग्याला संख्याच समजायचे ठरवले आहे त्याला नाडी न पाहूनही तसे समजता येते. जिवाचे गूढ जपायचे म्हणून त्याची प्रकृती न विचारणे ही भक्ती मला कळत नाही.

तिसरा आक्षेप कारखान्यातल्या व्यवहारी माणसाचा आहे आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. स्वस्त सेन्सर बिघडतो. काचेचा पीएच प्रोब आठवड्या-पंधरवड्यात सरकतो, ऑक्सिजनच्या प्रोबवर त्याच जिवाणूंचा बुळबुळीत थर चढतो, प्रकाश मोजणाऱ्या खिडकीला पेशी चिकटून बसतात. खोट्या आकड्यावर विसंबण्यापेक्षा आकडा नसलेला बरा, कारण आकडा नसेल तर माणूस निदान डोळे उघडे ठेवतो. यातले अर्धे खरे आहे. न पुसलेला, न तपासलेला सेन्सर नसल्यापेक्षा वाईट. पण याचा अर्थ एवढाच की सेन्सर घेताना त्याच्याबरोबर रोजचे एक काम घेतले जाते: बाहेर काढणे, मऊ फडक्याने पुसणे, माहीत असलेल्या द्रावणात बुडवून आकडा जुळतो का पाहणे, नसेल जुळत तर जुळवणे, लिहून ठेवणे. दहा मिनिटांचे काम. ज्याला हे दहा मिनिटांचे काम जमणार नाही त्याने महाग प्रोब घेतला तरी तोही तितकाच आंधळा होणार. दीड दिवसाच्या गणपतीची गोष्ट इथे पुन्हा लागू पडते. शंभर सेन्सर लावून कोणाकडेच न पाहण्यापेक्षा दोन लावावेत आणि ते रोज पुसावेत. शिवाय स्वस्त असल्याचा एक फायदा असा की दोन शेजारी-शेजारी लावता येतात. ते एकमेकांशी जुळेनासे झाले की निदान कोणीतरी चुकत आहे हे कळते. एकट्या महाग साधनाची चूक कोण पकडणार?

हे काम हलके समजले जाते, म्हणून त्याचा मान वाढवण्याची गरज आहे. रोह्याच्या मातीतच यासाठी एक विचार तयार आहे. पांडुरंगशास्त्री आठवले १९२० मध्ये रोह्यात जन्मले. त्यांच्या स्वाध्याय परिवाराने वृक्षमंदिर नावाचा प्रयोग केला. झाडे लावायची, त्या जागेला मंदिर मानायचे, आणि गावोगावचे जे लोक पाळीपाळीने तिथे राहून झाडांना पाणी घालायला, खुरपणी करायला येतील त्यांना पुजारी म्हणायचे. या प्रयोगाचे सामाजिक मूल्यमापन वेगवेगळे होईल, पण त्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. जिवंत वाढणाऱ्या गोष्टीची निगा हीच पूजा, निगा करणारा तोच पुजारी, आणि पाळी ठरलेली. देवळातला पुजारी रोज सकाळी मूर्तीवरचे निर्माल्य काढतो, पुसतो, स्नान घालतो. त्यात कालच्यापेक्षा वेगळे काही करायचे नसते, तरी ते चुकत नाही. प्रोबवरचा थर पुसण्याचे काम याच जातीचे आहे. ते शहाणपणाचे नाही, कौशल्याचेही फारसे नाही. ते न चुकण्याचे काम आहे. विनोबांनी आयुष्यभर विज्ञान आणि अध्यात्म यांची जोड मागितली, आणि ती जोड आपण व्यासपीठावर शोधत राहिलो. रात्रपाळीत प्रोब बाहेर काढून पुसणाऱ्या माणसाच्या हातात ती सापडण्याची शक्यता मला जास्त वाटते.

एक आक्षेप मी शेवटी ठेवला आहे, कारण त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. स्वस्त सेन्सर टाकीवर बसतो तसा ऑपरेटरवरही बसतो. आकडे मालकाच्या मोबाइलवर जातात, आणि रात्री तीनला आकडा घसरला की सकाळी जाब त्या गरीब माणसाला विचारला जातो, ज्याने ते जहाल पाणी पाठवलेही नव्हते आणि ज्याच्या हाती आत येणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करण्याचा अधिकारही नव्हता. जाणण्याने जबाबदारी येते असे मी वर म्हटले. मग ज्याला फक्त जाणणे दिले आणि करण्याचा अधिकार दिला नाही, त्याच्यावर ही जबाबदारी टाकणे हा अन्याय आहे. हे मी पूर्णपणे मान्य करतो. म्हणून माझ्या युक्तिवादात एक अट घालतो: आकडा ज्याच्या नजरेला पहिल्यांदा पडतो, त्याच्या हातात त्या आकड्यावर काही करण्याची सत्ता हवी. पाणी वळवण्याची, साठवण टाकीत थोपवण्याची, कारखान्याला फोन करून थांबवण्याची. ती नसेल तर सेन्सर पहारेकरी होतो, विचारपूस होत नाही. पण ही अट सत्तेच्या वाटणीची आहे, आणि सेन्सरने ती सुटणार नाही हे मला माहीत आहे. तरीही सेन्सर नसताना ही वाटणी अधिक न्याय्य होती असे म्हणता येत नाही. तेव्हाही दोष त्याच माणसाला जायचा, फक्त त्याच्याकडे स्वतःच्या बाजूने दाखवायला आकडा नव्हता. दर मिनिटाची नोंद असेल तर विष टाकीत किती वाजता आले हे ऑपरेटरलाही दाखवता येते.

आणि म्हणूनच या आकड्यांना फक्त कंट्रोल रूममध्ये ठेवू नये असे मला कळकळीने वाटते. कुंडलिका ही काही मूठभर लोकांची नदी नाही. भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रातून सुटलेले पाणी तिच्यात येते, कोलाडला त्याच पाण्यावर राफ्टिंगच्या होड्या उतरतात, रोह्यातून ती पुढे खाडी होते आणि रेवदंड्याशी समुद्राला मिळते. तिच्या काठी एवढे लोक तिच्यावर अवलंबून आहेत, आणि तिच्यासाठी टाकीत राबणाऱ्या जिवांची प्रकृती त्यांच्यापैकी कोणालाही कळत नाही. पेण आणि रोह्याच्या महाविद्यालयांतल्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे: एक बरणी, एक ढवळणी, एक प्रोब घ्या आणि आधी आपल्या गावच्या सांडपाण्याच्या टाकीचा श्वास मोजायला शिका. प्रकल्प चालवणाऱ्यांना विनंती आहे की नळावरच्या आकड्यांबरोबर टाकीतल्या जिवांनी आज तासाला किती ऑक्सिजन घेतला तो एक आकडा फाटकाबाहेरच्या फळ्यावर खडूने रोज लिहा, कालच्या आकड्यासह, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला दोन्ही ताडून पाहता येतील. फळ्याला आणि खडूला काही खर्च नाही.